किनाऱ्यावरच्या गावात कोणता निर्णय कुठे होतो आणि तो वेळेत कसा कळून घ्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, ताई: गोव्यात पेडण्याच्या किनाऱ्यालगत सासूबाईंच्या नावावर जुनं घर आहे. पावसाआधी छप्पर आणि पडवीची भिंत दुरुस्त करायची आहे. शेजारच्या भाटात (माडांच्या बागायतीत) न सांगता जेसीबी लागला. ग्रामसभा झाल्याचं सभा होऊन गेल्यावर कळतं. गावच्या व्हॉट्सॲपवर ‘सीआरझेडचा नवा नकाशा आला, सगळी घरं पाडणार’ असे निरोप फिरतात (सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र). पंचायतीत विचारलं तर ‘ते आमच्याकडे नाही, पणजीला विचारा’ असं उत्तर मिळतं. मग खरी माहिती वेळेत कुठून मिळवायची?

बारदेश आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांतल्या किनारी पंचायतींत मी सचिव म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज, हरकती लिहून देतो. अनुभवाने सांगतो, किनाऱ्यावरच्या माणसाचं नुकसान बहुतेक वेळा निर्णय विरोधात गेल्याने होत नाही. निर्णयाआधी हरकत घेण्याची मुदत होती, ती त्याला कळलीच नाही, यामुळे होतं. म्हणून ‘गावात काय चाललंय’ यापेक्षा ‘कुठल्या कागदाची मुदत कधी संपते’ हे शोधायची सवय लावून घ्या. खाली सगळं त्याच अंगाने सांगतो.

आधी ‘पणजीला विचारा’ या उत्तराबद्दल. ते अर्धं खरं असतं. गोव्यातल्या १९१ ग्रामपंचायतींना १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा सारखाच लागू आहे. पण मोरजी, मांद्रे, हरमल, केरी अशा गावांत पंचायतीच्या हद्दीतच इतर खात्यांचे अधिकार एकावर एक चढलेले असतात. वाळूवर शॅक (हंगामी खानावळ) कुणाला मिळणार हे पर्यटन खातं ठरवतं. कासवांच्या अंड्यांची जागा वन खातं राखतं. होडीची नोंदणी आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी मच्छीमारी खात्याकडे, जेटी आणि प्रवासी बोटी बंदर कप्तानांकडे. ओहोळाचं तोंड बुजून पाणी वाड्यात, म्हणजे वस्तीत, शिरलं तर जलसंसाधन खातं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालू राहिला तर पोलीस. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेच्या, जमिनीचा प्रश्न असेल तर त्यांचा प्रशासक. आणि भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंत जे काही बांधायचं, पाडायचं, खणायचं, त्यात गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण येतं. पंचायतीच्या हातात स्वतःचं म्हणून उरतं ते बांधकाम परवाना, घरपट्टी, धंद्याचा परवाना, कचरा आणि वाड्यावरच्या लहानसहान सोयी.

मग उत्तर अर्धंच खरं का? कारण यातल्या बऱ्याच खात्यांच्या पत्राची प्रत पंचायतीत येते. प्राधिकरणाने कुणाला कारणे दाखवा नोटीस काढली, जागेची पाहणी ठरली, कुठल्या आराखड्यावर हरकती मागवल्या, तर एक कागद सचिवाच्या टेबलावरून जातो आणि त्याची आवक वहीत नोंद होते. म्हणून पुढच्या वेळी ‘निर्णय तुमचा आहे का’ असं विचारू नका. ‘या विषयाची प्रत पंचायतीत आली आहे का, आवक क्रमांक आणि तारीख काय’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून सुटता येतं. दुसऱ्याला वही उघडावी लागते.

ग्रामसभेची नोटीस मिळत नाही ही तक्रार गोव्यातल्या प्रत्येक किनारी गावात ऐकू येते. नोटीस फलकावर लागते, पण फलक पंचायत घराच्या आतल्या भिंतीला, काचेमागे, वर्षभरापूर्वीच्या निविदांच्या शेजारी असतो. कामावर जाणारा माणूस तिथे पोचत नाही. पण या सभांचं वेळापत्रक कायद्यातच दिलेलं आहे. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी होते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या सुमारास विशेष ग्रामसभा. म्हणजे वर्षातले हे काही आठवडे सोडले तर नोटिशीची वाट बघायचं कारण नाही. त्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत पंचायतीत एक फोन केला की रविवार कुठला ते कळतं. आणखी एक गोष्ट तपासा. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. लग्न होऊन आलात आणि नाव अजून माहेरच्या गावच्या यादीत राहिलं असेल, तर तुम्ही सभेत बसाल पण तुमची सूचना नोंदवून घेणार नाहीत. असं अनेक सुनांच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं आहे.

सभेत बोलण्यापेक्षा इतिवृत्तात काय उतरतं याकडे लक्ष द्या. तीन तास भांडण होतं, माइक ओढाओढी होते, आणि वहीत एक ओळ येते: ‘विविध विषयांवर चर्चा झाली.’ पुढे कोर्टात किंवा गटविकास अधिकाऱ्यापुढे त्या तीन तासांची किंमत त्या एका ओळीएवढीच राहते. म्हणून विषय सभेच्या आठवडाभर आधी लेखी द्या, त्याची पोच घ्या. सभेत त्याला सूचक आणि अनुमोदक मिळवा, आणि ठरावाचं वाक्य स्वतः लिहून सचिवाला द्या. ‘गावातली बेकायदा बांधकामं थांबवावीत’ असा ठराव कुणाचंच काही बिघडवत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सर्व्हे क्रमांक अमुक, पोटहिस्सा अमुक, येथे चालू असलेल्या बांधकामास पंचायतीने कलम ६६ खाली परवाना दिला आहे काय? दिला असल्यास क्रमांक व तारीख, आणि किनारी प्राधिकरणाची मान्यता कोणत्या पत्राने मिळाली ते पुढील सभेत वाचून दाखवावे. दिला नसल्यास पंचायतीने काम थांबवण्याची नोटीस काढावी व प्राधिकरणास कळवावे.’ कलम ६६ हे पंचायतीच्या बांधकाम परवान्याचं कलम. अशा ठरावाला टाळता येत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक तुकड्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं.

सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात. लोक तेव्हा बाहेर चहा पीत उभे असतात. मला विचाराल तर सभेतली सर्वांत महत्त्वाची वेळ तीच. मागच्या वेळचा तुमचा ठराव गाळला किंवा बदलला असेल तर तेव्हाच उठून दुरुस्ती मागता येते. एकदा कायम झाल्यावर ‘मी तसं बोललो नव्हतो’ या म्हणण्याला वजन राहत नाही. पंचायत मंडळाच्या पंधरवड्याच्या बैठकीत परवाने मंजूर होतात. त्या बैठकांचं इतिवृत्तही माहितीच्या अधिकारात मिळतं.

आता पंचायतीबाहेरच्या बातम्या. राज्य राजपत्र दर गुरुवारी निघतं, तातडीच्या गोष्टींसाठी असाधारण अंक मधल्या दिवशी येतो. पेडण्याच्या लोकांनी ते आता नियमाने चाळायला हवं. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली आणि या तालुक्यातल्या जमिनीकडे बघायची नजर बदलली. बागायत किंवा शेतजमीन म्हणून दाखवलेला तुकडा वस्ती विभागात बदलून घेण्याचे अर्ज नगरनियोजन खात्याकडे जातात. २०२४ साली नगरनियोजन कायद्यात आलेल्या कलम ३९अ मध्ये असा बदल राजपत्रात जाहीर करून ३० दिवसांत सूचना-हरकती मागवण्याची तरतूद आहे. त्याआधीच्या कलम १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं ते लोकांनी राजपत्रातले सर्व्हे क्रमांक एकेक करून तपासले म्हणूनच. तुमच्या वाड्याचे आणि आजूबाजूचे दहा-पंधरा सर्व्हे क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. गुरुवारी राजपत्र उघडायचं, गावाचं नाव शोधायचं, क्रमांक जुळतो का बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. वाड्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडे सोपवा, पण वाऱ्यावर सोडू नका.

तसंच किनारी प्राधिकरणाच्या बैठकांची विषयपत्रिका आणि इतिवृत्त त्यांच्या संकेतस्थळावर येतं. त्यात गाव, तालुका, सर्व्हे क्रमांक, कशाला परवानगी मागितली, तक्रार कुणाविरुद्ध, सगळं असतं. शेजारच्या भाटात काय येणार आहे ते गावात कुणी सांगणार नाही, पण तिथे सापडण्याची शक्यता आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘नव्या नकाशा’बद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भीती तिथूनच पसरते. किनाऱ्यावरच्या बांधकामावर पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी आली. तिच्या जागी २०११ ची आली, नंतर २०१९ ची. प्रत्येक अधिसूचनेनुसार राज्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा, म्हणजे नकाशा, तयार करावा लागतो. गोव्याचा २०११ च्या अधिसूचनेखालचा आराखडा मंजूर व्हायला २०२२ साल उजाडलं. २०१९ ची अधिसूचना कागदावर असली तरी तिच्याखालचा आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ चाच चालतो. त्यामुळे ‘आता २०० मीटर नाही, ५० मीटरच बंदी’ असा निरोप आला तर विश्वास ठेवून पाया खणू नका. २०१९ मध्येही ५० मीटरची सवलत फक्त २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या भागांनाच आहे. बाकी ग्रामीण किनाऱ्याला २०० मीटर कायम आहे.

आणि ‘सगळी घरं पाडणार’ हेही खरं नाही. १९९१ च्या अधिसूचनेआधी कायदेशीरपणे उभं असलेलं घर अधिसूचनेमुळे बेकायदा होत नाही. २०११ च्या अधिसूचनेत बांधकामबंदीच्या पट्ट्यातही अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. अट एवढीच की चटई क्षेत्र, जोत्याचं क्षेत्र आणि घनता पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात वेगळी तरतूदही आहे. गोव्यासाठी त्याच अधिसूचनेत स्वतंत्र भाग आहे. सप्टेंबर ते मे या काळातले हंगामी मांडव, खाजनं (भरतीचं पाणी येणाऱ्या सखल जमिनी), वाळूच्या टेकड्या, आणि मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. तुमच्या गावाजवळचे दोन किनारे त्यात आहेत. कासवांच्या किनाऱ्याजवळचे नियम बाकी किनाऱ्यापेक्षा कडक राहतात, हे शेजारच्या भाटात गुंतवणूक करणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

नकाशा बघाल तेव्हा त्यातल्या रंगांनी गोंधळू नका. आधी भरतीरेषा शोधा, मग २०० मीटरची, मग ५०० मीटरची. ओहोळ किंवा नदी असेल तर तिच्या काठानेही पट्टा असतो. शापोऱ्याच्या आणि तेरेखोलच्या काठावरचे लोक समुद्र दिसत नाही म्हणून निर्धास्त राहतात आणि नंतर अडकतात. रेषांखाली सर्व्हे क्रमांक बारीक अक्षरात असतात. तुमचा शोधा आणि रेषा घराच्या कुठल्या बाजूने जाते ते पाहा. रेषा घराच्या मधून गेली तर त्या अर्ध्या घरासाठीही परवानगी लागतेच. मग नकाशात काय नाही ते बघा. २०२१ च्या जाहीर सुनावणीत गावोगावच्या लोकांच्या हरकती मुख्यतः यावरच होत्या: वाळूच्या टेकड्या, मच्छीमारांचे वाडे, खाजनं, मानशी (खाजनांची पाण्याची दारं) नीट दाखवलेल्या नाहीत. ती सुनावणी आधी मार्चमध्ये झाली, हरित लवादाच्या आदेशानंतर जुलैत पुन्हा घ्यावी लागली. लोक हरकती घेऊन ठाम उभे राहिले म्हणून ते झालं.

पुढचा मसुदा येईल तेव्हा ‘आमच्या गावावर अन्याय झाला’ अशा हरकतीला उत्तर द्यावंच लागत नाही. हरकत अशी हवी: ‘मसुद्याच्या अमुक पत्रकावर सर्व्हे क्रमांक अमुक ही मोकळी जागा दाखवली आहे. तिथे माणसाच्या उंचीएवढी वाळूची टेकडी असून तिच्यावर मर्यादवेल आणि केवडा आहे, फोटो जोडला आहे. तिच्या पूर्वेला रापणकारांच्या होड्या ओढून ठेवायची जागा आहे, ती दाखवलेली नाही.’ मर्यादवेल जिथे धरून आहे तिथली वाळू स्थिर आहे, हे गावातल्या जुन्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. हे ज्ञान कागदावर आणा. टेकडी नकाशात नोंदली गेली तर तिला सर्वांत कडक वर्गाचं संरक्षण मिळतं. नोंदली नाही तर ती सपाट करणाऱ्याला ‘इथे काही नव्हतंच’ म्हणता येतं. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या नोंदवहीत ही टेकडी असेल तर प्रत जोडा. नसेल तर आधी तिथे नोंद करून घ्या.

आता तुमचं घर. छपराची कौलं बदलणं आणि पडवीची भिंत पाडून बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंत आली की पंचायतीच्या दुरुस्ती परवान्याबरोबर किनारी प्राधिकरणाची मान्यता लागणार असं धरून चाला. कागद आत्ताच जमवा. एक-चौदाचा उतारा (जमिनीची मालकी आणि ताबा दाखवणारा), त्यात सासूबाईंचं नाव मालक म्हणून आहे की मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, म्हणून ते पाहा. मुंडकार असेल तर मामलेदाराकडची नोंद. सर्व्हे प्लॅन, कारण सत्तरच्या दशकातल्या मोजणीत तुमच्या घराचा चौकोन उमटलेला असेल तर १९९१ पूर्वीच्या अस्तित्वाचा त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जितक्या जुन्या तितक्या बऱ्या. जुनं वीजबिल. सगळ्या बाजूंनी काढलेले आजचे फोटो, शक्य असल्यास मापांसह. इंजिनिअरकडून जोत्याचं आजचं माप आणि दुरुस्तीनंतरचं माप एकाच कागदावर शेजारी शेजारी काढून घ्या. दोन्ही सारखे आहेत हे तपासणाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे. एक सावधगिरी: घरपट्टी भरतो म्हणून घर कायदेशीर, असं होत नाही. घरपट्टी हा कर आहे. ती पावती पुरावा म्हणून उपयोगी पडते ती काळ दाखवण्यासाठी.

वेळेचं गणित मात्र तुम्हाला आवडणार नाही. प्राधिकरणाची पाहणी, त्रुटीचं पत्र, पुढची बैठक यात महिने जातात. मे महिन्यात अर्ज घालून जूनच्या आधी भिंत उभी करायची हे जमणारं नाही. या पावसापुरतं ताडपत्री आणि पत्र्याने निभावून न्या, भिंतीला टेकू द्या. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की लगेच अर्ज घाला, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात परवाना हातात असेल. ‘आधी बांधून टाका, नंतर नियमित करू’ असं सांगणारे गावात भेटतील. ऐकू नका. परवान्याविना पाडलेली जुनी भिंत म्हणजे जुन्या घराचा पुरावाच आपल्या हाताने पुसला.

शेजारच्या जेसीबीबद्दल: आजच फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. सर्व्हे क्रमांक भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरून काढा. एकच तक्रार पंचायतीला आणि किनारी प्राधिकरणाला वेगवेगळ्या प्रतींनी द्या, प्रत मामलेदाराला. त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्ज पंचायतीच्या सचिवाकडे घाला. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर गटविकास अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तक्रारीत ‘परप्रांतीय’, ‘दिल्लीवाले’ वगैरे लिहू नका. मालक कोण हा मुद्दाच नाही. वाळू कापली का, ओहोळ बुजवला का, परवाना आहे का, एवढंच लिहा. परवाना असेलही, मग तुम्हाला तसं लेखी कळेल आणि विषय संपेल. परवाना नसूनही कुणी हललं नाही, तर हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे मूळ अर्ज घालायला कारण घडल्यापासून सहा महिने मिळतात, आणि एखाद्याला दिलेल्या मंजुरीविरुद्ध अपील करायचं असेल तर ३० दिवसच. म्हणून पहिल्या फोटोची तारीख जपून ठेवा.

सासूबाईंना चालता येत नाही, सुनावणीला कसं नेणार, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. नेण्याची गरज नाही. हरकत लेखी देता येते आणि सही त्यांची असली की पुरे. घर त्यांच्या नावावर आहे म्हणून त्यांचीच सही हवी, तुमची नको. इंग्रजीत लिहून घेण्यासाठी कुणाला पैसेही देऊ नका. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मान्यता आहे. मराठीतला अर्ज कुठल्याही खात्याला परत करता येत नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती मागच्या पानाला टाचा.